संगीताचं सॉफ्टवेअर घडवणाऱ्यांना फोंड्याहून खुलं पत्र

प्रति,
ज्या सॉफ्टवेअरवर आम्ही रेकॉर्डिंग करतो, त्यातलं नोटेशनचं (स्वरलेखनाचं) पान घडवणारे डिझायनर, प्रोग्रॅमर, टेस्टर आणि पुढच्या आवृत्तीत काय घ्यायचं हे ठरवणारी मंडळी यांस,

सप्रेम नमस्कार.

मी गोव्यात फोंड्याजवळ राहतो. ऑर्गन आणि हार्मोनियम वाजवतो, भजनी मंडळांच्या चाली बसवतो, जत्रेतल्या नाटकांना संगीत देतो. गेली पंधराएक वर्षं घरातल्या मागच्या खोलीत संगणकावर रेकॉर्डिंग करतो आणि वादकांच्या हातात द्यायचे कागदही तिथंच तयार करतो. म्हणजे माझ्या कामाचा निम्मा दिवस तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये जातो. हे पत्र मराठीत लिहितोय, कारण यातल्या सगळ्या अडचणी मराठी गाणं कागदावर उतरवताना आलेल्या आहेत. मराठी वाचणारे प्रोग्रॅमर आज जगभर आहेत. त्यांच्यापैकी कुणी वाचलं आणि आपल्या टीमपुढे मांडलं, तरी लिहिण्याचं सार्थक होईल.

मागणी आधीच सांगून टाकतो. वाजवलेलं आणि लिहिलेलं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्ही एकाच फाइलमध्ये राहू द्या, पण एकीला हात लावला तर दुसरी बिघडता कामा नये. पुढे जे काही लिहिलं आहे ते याच एका गोष्टीभोवती फिरतं.

गेल्या कार्तिकी एकादशीला आमच्या मंडळाचा अभंगांचा कार्यक्रम होता. शेवटी रिवाजाप्रमाणे भैरवी. सा काळी एक (पेटीची पहिली काळी पट्टी), भजनी ठेका, लय मिनिटाला साधारण ७२ मात्रा. साथीला पखवाज, टाळ, घुमट हे मातीचं वाद्य, दोन व्हायोलिन, एक क्लॅरिनेट, एक ट्रम्पेट आणि गायला अकरा मुलं. चाल मी क्लिक (यंत्राचा ठोका) न लावता सलग वाजवून घेतली, मग टाळाच्या ठोक्यांवरून टेम्पो मॅप, म्हणजे लयीचा नकाशा, काढला. ऐकायला झकास. अभंग गाणारा माणूस शब्द नेहमी ठोक्याच्या किंचित मागे टाकतो, तसाच तो पडत होता.

मग नोटेशनचं पान उघडलं. पहिल्याच बारमध्ये (दोन उभ्या रेघांमधल्या घरात) अकरा चिन्हं होती. मी वाजवले होते चार स्वर. दुसरा स्वर ठोक्यानंतर ६० टिक उशिरा पडलेला. एका मात्रेचे ९६० टिक धरले तर ६० टिक म्हणजे मात्रेचा सोळावा भाग, ७२ च्या लयीत सेकंदाचा जेमतेम विसावा भाग. कानाला तो उशीर वाटत नाही, तो गोडवा वाटतो. सॉफ्टवेअरनं मात्र तिथं चौसष्टाव्या भागाचा रेस्ट (थांबण्याची खूण) काढला, मग एक बिंदूवाला स्वर, मग टाय (दोन चिन्हं जोडणारी कमान), मग पुन्हा एक चिमुकला स्वर. असं चोवीस ओळी. असला कागद पाहून कुणी वाजवू शकणार नाही. आणि खरं तर वाजवायचंही नाही, कारण चाल तशी नाहीच. चाल साधी आहे, चार मात्रांत चार स्वर. उशीर हा गाण्याचा आहे, चालीचा नाही.

यावर रूढ उपाय क्वांटाइझ, म्हणजे स्वर ओढून ठोक्यावर बसवणं. तो केला की कागद स्वच्छ होतो आणि अभंग मरतो. सगळे स्वर रांगेत उभे राहतात आणि मागे टाकलेला शब्द पुन्हा ठोक्यावर येऊन बसतो.

तुमच्यापैकी काहींनी यावर वाट काढली आहे हे मला ठाऊक आहे. कागदापुरतंच क्वांटाइझ करायचं, वाजवलेल्याला हात लावायचा नाही, अशी सोय बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि त्याबद्दल मी मनापासून आभारी आहे. पण ती सोय अख्ख्या ट्रॅकला किंवा अख्ख्या तुकड्याला एकच माप लावते. अर्ध्या मात्रेचं माप लावलं की मुरकीचे तीन स्वर एकावर एक चढून कॉर्डसारखे दिसतात. मुरकीसाठी बारीक माप लावलं की पुढच्या शब्दाचे रेस्ट पुन्हा उगवतात. गाणं मात्र एकाच ओळीत दोन्ही करतं: ‘विठ्ठल’मधला ‘वि’ आरामात आणि ‘ठ्ठ’वर मुरकी. मला माप स्वरागणिक ठरवता आलं पाहिजे. हे तीन स्वर निवडले, ही मुरकी, बारीक अक्षरांत लिही. हा एक स्वर निवडला, हा ठोक्यावर लिही, वाजू दे जसा वाजलाय तसा. एवढंच.

दुसरी गोष्ट याहून नाजूक आहे. ओळीच्या शेवटचा लांब सा पुढच्या बारमध्ये जरासा डोकावत होता, म्हणून कागदावर टाय आणि एक निरर्थक शेपूट आलेलं. नोटेशनच्या पानावर मी ते शेपूट पुसलं. सॉफ्टवेअरनं काय केलं, तर ऑर्गनचा वाजवलेला सा तिथंच कापला. त्या वेळी ऑर्गनचा ट्रॅक बंद ठेवून मी व्हायोलिनचं पाहत होतो, त्यामुळे माझ्या कानावर काहीच आलं नाही. तोच ट्रॅक सरावासाठी मुलांच्या घरी गेला. मुलं गुणी. ऑर्गन थांबतो तिथं आपणही थांबायचं, असं समजून त्यांनी ती ओळ तशीच पाठ केली. श्वास तुटल्यासारखा तो सा मुलांच्या गळ्यातून सोडवायला आम्हाला दोन रविवार लागले. त्या दिवसापासून मी नोटेशनच्या पानावर काहीही पुसायला घाबरतो. आधी फाइलची प्रत करतो, मग पुसतो. ज्या पानाला तुम्ही ‘एडिटर’ म्हणता, त्यावर वापरणाऱ्याला धास्ती वाटत असेल तर तुम्ही तिकडे गांभीर्यानं पाहायला हवं.

मला हवंय ते असं: नोटेशनच्या पानावर एक साधं बटण. एका बाजूला ‘फक्त कागद’, दुसऱ्या बाजूला ‘कागद आणि आवाज’. कुठल्या स्थितीत आहे ते दिसेल असं, मोठं. सुरुवातीला ‘फक्त कागद’. आणि ज्या स्वराचं लिहिलेलं रूप वाजवलेल्यापेक्षा वेगळं आहे, त्याच्यावर फिकट रंगाची एखादी खूण, म्हणजे नंतर पाहताना कळेल की इथं माणसानं ठरवून बदल केला आहे. स्वर नंतर पियानो रोलमध्ये (स्वर आडव्या पट्ट्यांसारखे दाखवणाऱ्या पानावर) थोडा सरकवला तरी माझा हा निर्णय टिकला पाहिजे. आज बऱ्याचदा तो पुसला जातो आणि रेस्ट पुन्हा हजर होतात.

आता भैरवीची गंमत नीट समजून घ्या, कारण मिडीची, म्हणजे वाद्यं आणि संगणक यांच्यातल्या सांकेतिक भाषेची, एक जुनी मर्यादा तिच्यात उघडी पडते.

१९८३ साली मिडी आलं तेव्हापासून प्रत्येक स्वर ० ते १२७ मधला एक आकडा आहे. मधल्या सप्तकातली काळी एक म्हणजे ६१. तो सी शार्प (सीच्या अर्धा स्वर वर) की डी फ्लॅट (डीच्या अर्धा स्वर खाली), हे त्या आकड्यात नसतं. पेटीवाल्याला त्यानं काही फरक पडत नाही, पट्टी एकच. स्टाफवर (पाच रेषांच्या पाश्चात्त्य लिपीत) वाचणाऱ्याला मात्र सगळा फरक तिथंच पडतो. मी की सिग्नेचर (ओळीच्या सुरुवातीला नेहमीचे शार्प-फ्लॅट सांगणाऱ्या खुणा) निवडायला गेलो तर यादीत मेजर आणि मायनर, बस्स. सा काळी एक म्हणून डी फ्लॅट मेजर निवडलं, पाच फ्लॅट. झालं असं की सा डी फ्लॅट आणि कोमल रे डी नॅचरल (फ्लॅट काढलेला साधा डी), म्हणजे दोघे एकाच जागेवर. पंचम ए फ्लॅट आणि कोमल धैवत ए नॅचरल, तेही एकाच जागेवर. एफ आणि सीच्या जागा पूर्ण रिकाम्या. सात स्वरांपैकी चारांपुढे दर बारला नॅचरलची खूण. आमचे थोरले व्हायोलिनवादक सासष्टी तालुक्यातले, सत्तरी ओलांडलेले. त्यांनी चष्मा वर करून कागद पाहिला आणि शांतपणे विचारलं, “हें कितें बरयलां तुवें?” (हे काय लिहिलंयस तू?) वाजवलं त्यांनी, पण आधी कोऱ्या पानावर पेन्सिलीनं सगळं पुन्हा लिहून काढलं. तीन शार्प. सी शार्प, डी, ई, एफ शार्प, जी शार्प, ए, बी. सात स्वर, सात जागा आणि पूर्ण पानावर एकही आगंतुक खूण नाही.

आता त्याच काळी एकवर यमन घ्या. तिथं शार्पांचा रस्ता धरलात तर तीव्र मध्यमाला डबल शार्प लागतो. चार फ्लॅट घेतले तर डी फ्लॅट, ई फ्लॅट, एफ, जी, ए फ्लॅट, बी फ्लॅट, सी असं सुतासारखं सरळ येतं. म्हणजे पेटीवर सा एकच, पण भैरवीत त्याचं नाव सी शार्प आणि यमनमध्ये डी फ्लॅट. हे ६१ या आकड्यावरून कुठलंही यंत्र सांगू शकणार नाही. राग माहीत असलेला माणूस सांगेल. तेव्हा ते विचारायची जागा ठेवा: सा कोणता, थाट (रागाच्या सात स्वरांची मूळ मांडणी) कोणता. भातखंड्यांचे दहा थाट आहेत. त्यातले बिलावल, खमाज, काफी, आसावरी, भैरवी आणि कल्याण हे सहा नेहमीच्या की सिग्नेचरमध्ये सहज बसतात, फक्त नावं मेजर-मायनरची नसतात. भैरव, पूर्वी, मारवा आणि तोडी हे चार बसत नाहीत. त्यांच्यासाठी शार्प-फ्लॅट हवे तसे मांडता येईल अशी की सिग्नेचर लागते. स्वतंत्र नोटेशन सॉफ्टवेअरमध्ये हे करता येतं. मग रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमधल्या नोटेशनलाच दुय्यम का ठेवायचं?

आणि हे सगळं दिल्यानंतरही एखाद्या स्वराचं नाव मला हातानं बदलता आलं पाहिजे. भैरवीत बाकीचे स्वरही येऊन जातात, ती तिची खुबी आहे. तिथं यंत्रानं अंदाज बांधावा, पण शेवटचा शब्द माझा असावा आणि तो फाइलमध्ये कायमचा राहावा.

हे मी हक्कानं सांगतोय, कारण लिहिण्याच्या या कामाला गोव्यात मोठा वारसा आहे. इथल्या चर्चला जोडलेल्या पॅरिश शाळांमधून पोर्तुगीज काळापासून पोरं सोल्फेजो (स्वरवाचन) शिकली, व्हायोलिन शिकली आणि पुढे मुंबई गाठून सिनेमाच्या वाद्यवृंदांत बसली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, ज्यांच्याकडे लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलाल व्हायोलिन शिकले. सेबॅस्टियन डिसूझा, फ्रँक फर्नांड, चिक चॉकलेट. संगीतकार पेटीवर चाल ऐकवायचा, कधी नुसती गुणगुणायचा, आणि ही माणसं ती स्टाफवर उतरवून वादकांसमोर ठेवायची. गाणाऱ्याची हरकत जशीच्या तशी उतरवली तर वाचणारा गोंधळेल, अगदीच सोडून दिली तर चाल कोरडी होईल. काय लिहायचं आणि काय वादकाच्या समजुतीवर सोपवायचं हे ते दर ओळीला ठरवत होते. नोटेशन एडिटिंग म्हणजे नेमकं हेच ठरवणं. तुमची सॉफ्टवेअर मोजायला फार उत्तम शिकली आहेत. आता ठरवणाऱ्याच्या हाताला जागा द्या.

मींडेबद्दल, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याबद्दल, थोडक्यात. पेटीवर मींड नाही, म्हणून गायकाची मार्गदर्शक ओळ मी सिंथवर पिच बेंडच्या चाकानं वाजवतो. चाकाला १६,३८४ पायऱ्या आहेत, घसरण अगदी मऊ येते. पण रे दाबून चाकानं गपर्यंत नेला, तर कागदावर फक्त रे दिसतो. ग गायबच. व्हायोलिनवाला रेवरच थांबतो आणि त्याची चूक नसते. जिथं चाक येऊन स्थिरावलं तो स्वर कागदावर दाखवा आणि दोन्हींमध्ये मींडेची कमान काढा. हवं तर मला विचारून काढा. माहिती तुमच्याकडे आहेच, फक्त ती पानावर येत नाही.

तालाचं दुखणं जरा विस्तारानं सांगायला हवं. लयभास्कर खाप्रूमाम पर्वतकर ज्या मुलखात होऊन गेले, तिथं ताल चुकीचा मांडलेला कागद कुणी हातात धरत नाही.

रूपक सात मात्रांचा, तीन-दोन-दोन. सॉफ्टवेअरमध्ये सात मात्रांचा बार निवडला की ते स्वरांचे गुच्छ आपल्या मनानं बांधतं, बहुतेक दोन-दोन-तीन किंवा चार-तीन. वाचणाऱ्याच्या डोळ्याला गुच्छ म्हणजेच विभाग. झपतालाचंही तसंच, दहा मात्रा दोन-तीन-दोन-तीन. गुच्छ बदलायची सोय कुठंतरी खोल मेनूत असते, कधी प्रत्येक बारला हातानं करावी लागते. एकदा ‘रूपक’ म्हटलं की सगळ्या गाण्याला लागू व्हावं. विभागाची रेघ बारीक असावी, आवर्तनाची जाड. आणि तीनतालातली बंदिश पुष्कळदा खालीपासून उठते, नवव्या मात्रेपासून. म्हणजे समेआधी आठ मात्रा. रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरला वाटतं की सगळं जग पहिल्या बारच्या पहिल्या ठोक्यावर सुरू होतं. मग मी आधी आठ मात्रा मोकळ्या सोडतो, कागदावर ते रेस्ट लपवतो, आणि आवर्तनाचे आकडे एकानं पुढे जातात. तालमीत मी म्हणतो “बाराव्यापासून” आणि कागदावर तेच आवर्तन तेरावं असतं. अपुऱ्या बारपासून सुरुवात आणि आकडे समेपासून, एवढी सुधारणा झाली तर आमच्या तालमीतला रोजचा वेळ वाचेल.

आमच्या मंचावरची अर्धी माणसं स्टाफ वाचत नाहीत. ती भातखंडे पद्धतीचं सरगम वाचतात. मला एकाच गाण्याचे दोन कागद काढावे लागतात, आणि दुसरा कागद मी आजही वर्ड प्रोसेसरमध्ये तक्ता आखून टाइप करतो. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्राला खाली टिंब, तारेला वर टिंब, एका मात्रेतल्या स्वरांना खाली चंद्रकोर, समेला गुणिले, खालीला शून्य. चाल बदलली की दोन्ही कागद वेगवेगळे दुरुस्त करायचे. एकदा घाईत मी सरगम व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं. मजकूर पोचला, पण स्वरांखालच्या रेघा वाटेत गळाल्या. कोमल रे शुद्ध झाला. आठवडाभर सराव करून मंडळी आली ती भैरवीचा शुद्ध रे घेऊनच, तेही अगदी आत्मविश्वासानं.

ही माहिती सगळी एकाच फाइलमध्ये आहे: कुठला स्वर, किती लांब, सा कोणता, ताल कोणता. एका बटणावर स्टाफ, दुसऱ्या बटणावर सरगम, असं का असू नये? वाजवलेलं आणि लिहिलेलं तुम्ही वेगळं ठेवलंत, की लिहिलेल्याची दोन रूपं काढणं अवघड राहत नाही. संगीताच्या चिन्हांसाठी स्मूफल नावाचं जे फाँट-मानक आहे, त्यात तुर्की आणि इराणी संगीताच्या चिन्हांना जागा मिळाली आहे. ज्यांनी त्यांच्यासाठी विचार केला, त्यांना आमच्या रेघा आणि टिंबं जड जाणार नाहीत.

शब्दांचं तर फारच हलाखीचं आहे. स्वरांखाली देवनागरी शब्द टाइप केले की एका सॉफ्टवेअरमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उलट्या बाजूला जाऊन बसली आणि तिच्याजवळ तुटक रेघांचं वर्तुळ उमटलं. ‘ज्ञानेश्वर’ या शब्दाचे गाताना ज्ञा-ने-श्व-र असे चार तुकडे होतात. सॉफ्टवेअरनं ‘श्व’ फोडून पाय मोडका ‘श्’ एका स्वराखाली आणि ‘व’ दुसऱ्या स्वराखाली टाकला. पुढचे सगळे शब्द एकेक स्वर पुढे सरकले. मग मी तो कागद शब्दांशिवाय छापला आणि मुलांसाठी शब्द हातानं लिहिले, अकरा प्रतींवर. देवनागरी अक्षरं नीट जुळवणारं हार्फबझ मुक्त स्वरूपात उपलब्ध आहे, ते ब्राउझरांत आणि फोनांत रोज काम करतं. जोडाक्षर आणि त्याची मात्रा मिळून एक अक्षर, हा नियम काही गूढ नाही. आकार लांबवताना आम्ही अवग्रह (ऽ) लिहितो, तेवढा द्या.

घुमटासाठीही दोन शब्द. २०१९ साली गोवा सरकारनं घुमटाला राज्याचं वारसावाद्य म्हणून जाहीर केलं. मातीच्या मडक्यासारखं हे वाद्य, एका तोंडाला चामडं, दुसरं तोंड उघडं. पूर्वी चामडं घोरपडीचं असायचं, आता बकऱ्याचं असतं. एका हातानं चामड्यावर वाजवायचं आणि दुसऱ्या हातानं मागचं तोंड झाकत-उघडत आवाज बदलायचा. चतुर्थीच्या आरतीला शामेळ नावाचं चर्मवाद्य आणि कांसाळे नावाच्या झांजा यांच्याबरोबर ते घुमायला लागलं की घर हलतं. मी त्याचे आवाज रेकॉर्ड करून कीबोर्डवर लावले. नोटेशनच्या पानावर मात्र ते पाच रेषांवर पाश्चात्त्य ड्रमसेटच्या जागांवर विखुरले, एक बेस ड्रमच्या जागी, एक झांजेच्या. मला एक रेघ हवी, त्या रेघेवर मी ठरवीन ती चिन्हं हवीत, उघड्या तोंडाला वर्तुळ, झाकलेल्याला अधिक, आणि खाली बोल. हाय-हॅटला ही दोन चिन्हं तुम्ही देताच. तीच मला माझ्या वाद्याला लावू द्या.

शेवटी, हे सगळं केलेलं टिकायलाही हवं. ऑगस्ट २०२४ मध्ये फिनाले या नोटेशन सॉफ्टवेअरचा विकास थांबवत असल्याचं जाहीर झालं. पस्तीस वर्षं लोकांनी त्यात आपलं काम ठेवलं होतं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये क्यूबेस १४ हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर आलं आणि त्यात जुनं स्कोअर एडिटर (नोटेशनचं पान) काढून डोरिको या नोटेशन सॉफ्टवेअरवर आधारलेलं नवं आणलं गेलं. नोटेशनचं काम गांभीर्यानं घेता येतं याचा तो पुरावा आहे आणि बाकीच्यांनी तिकडे पाहावं असं मला वाटतं. पण सॉफ्टवेअर येतात आणि जातात, चाली राहतात. आज मी म्युझिकएक्सएमएलमध्ये (एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नोटेशन नेण्याच्या स्वरूपात) फाइल काढतो तेव्हा लपवलेले रेस्ट परत दिसतात, स्वरांची मी बदललेली नावं हरवतात, शब्दांची दुसरी ओळ पहिलीवर येऊन बसते. आणि नोटेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये तासन्‌तास बसून केलेली दुरुस्ती मूळ रेकॉर्डिंगमध्ये परत आणायला रस्ता नसतो. आणली तर सपाट, क्वांटाइझ झालेली येते आणि मागे टाकलेला शब्द पुन्हा ठोक्यावर. जाताना माझे निर्णय सोबत न्या आणि येताना फक्त कागदाचे बदल आणा, वाजवलेलं आहे तिथंच राहू द्या.

नवी वाद्यं, नवे इफेक्ट, आपोआप मिक्स करणारी यंत्रं यांची मला गरज नाही असं नाही. पण नव्या आवृत्तीच्या जाहिरातीत नोटेशनची ओळ शोधावी लागते, आणि काही मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये तर हे पानच नाही. कागदावरून वाजवणारी माणसं अजून आहेत. गोव्यात तर प्रत्येक तालुक्यात आहेत आणि त्यांच्यात तरुणही आहेत.

तपासणीसाठी साहित्य हवं असेल तर माझ्याकडे तयार आहे. त्या भैरवीची मूळ फाइल, सॉफ्टवेअरनं काढलेला कागद आणि व्हायोलिनवादकांनी पेन्सिलीनं पुन्हा लिहून काढलेली प्रत, तिन्ही मी जपून ठेवलं आहे. पेन्सिलीच्या तेवीस दुरुस्त्या आहेत. नंतर मी एक दिवस मोडून त्या सगळ्या सॉफ्टवेअरमध्ये घालायला बसलो. चार जमल्या. उरलेल्या एकोणिसांपैकी प्रत्येकीसमोर काय करून पाहिलं आणि कुठं अडलं, हे क्रमवार लिहून काढलं आहे. मागाल त्याला ते देईन. नवी आवृत्ती बाजारात येण्याआधी चालवून पाहायला माणूस हवा असेल तर मी तयार आहे, आणि ते व्हायोलिनवादकही. त्यांना विचारूनच लिहितोय.

आपला,
फोंड्याचा एक ऑर्गनवादक